पाचवी सवाष्ण

यंदा महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी सुनेनं मला सवाष्णींच्या पंगतीत बसवलं. माझे यजमान जाऊन सहा वर्षं झाली. मी आपली स्वयंपाकघरात आंबील ढवळत होते, तर ही आली, हातातला डाव काढून घेतला आणि म्हणाली, "आई, चला. पाचवा पाट तुमचा आहे." बाहेरच्या खोलीत चार सवाष्णी बसल्या होत्या. त्यांतल्या एकीनं दुसरीकडे पाहिलं. सुनेच्या ते लक्षात आलं. ती सरळ म्हणाली, "बाबा नाहीत, ते मला ठाऊक आहे. तरी आई बसणार आहेत." आणि वाढायला लागली.

मी बसले. जेवलेही. पण पुरणपोळी मोडताना डोळे भरून आले, आणि सगळ्यांची समजूत झाली की मला ह्यांची आठवण आली. ह्यांची आठवण मला रोजच येते, त्यासाठी पुरणपोळी लागत नाही. त्या पाटावर बसल्या बसल्या मला चंद्रकलाबाई आठवल्या होत्या. आणि खरं सांगायचं तर आठवण हा शब्दही बरोबर नाही. मला लाज वाटत होती. जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वीची, पण अजून जशीच्या तशी.

भादव्यात आमच्या नागपूरला एक विचित्र दमट ऊन पडतं. सकाळी सर येते, दहा वाजता ऊन चटका देतं, दुपारी पदरानं मान पुसून पुसून जीव जातो. मारबतीचा पुतळा आरडाओरड्यात गावाबाहेर गेलेला असतो, तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल पोरांनी पलंगाखाली ढकललेले असतात, आणि घराघरांत महालक्ष्म्यांची गडबड सुरू होते. सोळा भाज्या जमवायच्या, आंबिलीसाठी ज्वारी भिजवायची, वर टांगायच्या फुलोऱ्यासाठी करंज्या-पापड्या तळायच्या. अंबाडी, ओला आघाडा, तळणीचं तेल आणि नव्या लुगड्यांची खळ, या सगळ्याचा मिळून एक वास होतो. लोकांना तो सणाचा वास वाटतो. मी मात्र तो वास आला की उठून अंगणात जाते, आणि घरच्यांना वाटतं मला पित्त झालं आहे.

मी शाळेत मराठी शिकवायची. धडा संपला की फळ्यावर शब्दार्थ. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, मध्ये बरोबरचं चिन्ह. सोवळे, सुतक, नैवेद्य, ओटी, सवाष्ण. सवाष्ण बरोबर जिचा पती हयात आहे अशी स्त्री. एकदा एका मुलीनं विचारलं, "बाई, हयात आहे का नाही, हे माहीतच नसलं तर?" मी म्हटलं, "परीक्षेत असं विचारत नाहीत." वर्ग हसला, मीही हसले. हे चंद्रकलाबाईंच्या आधीचं की नंतरचं, ते आता नक्की सांगता येत नाही. आधीचंच असावं. नंतर मी हसले नसते.

शिक्षिकांच्या खोलीत मी मोठी सुधारक समजली जायची. सवाष्ण काय, विधवा काय, बाईला हे असे शिक्के मारणारे आपण कोण, असं मी कपातला चहा गार होईस्तोवर बोलायची. दोघीतिघी माना डोलवायच्या. एक वयस्कर बाई ऐकता ऐकता विणकामाचे टाके मोजायच्या. त्यांचा मला तेव्हा राग यायचा.

तर ते साल चौऱ्याहत्तर असेल, फार तर पंचाहत्तर. आमच्या सासरच्या महालक्ष्म्या खाप्याला, गावच्या घरी असत. त्या वर्षी त्या पहिल्यांदाच आमच्या प्रताप नगरच्या घरी यायच्या होत्या, कारण खाप्याला करणारं कुणी उरलं नव्हतं. माझ्या आतेसासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, मुखवट्यांची पेटी मांडीवर घेऊन बसनं आल्या. पेटी त्यांनी कंडक्टरलासुद्धा हात लावू दिली नव्हती. नेमका आठ दिवस आधी सासूबाईंचा हात मोडला, प्लास्टर बसलं. म्हणजे सण माझ्यावर आला. लग्नाला दोन वर्षं झालेली, मी सव्वीस वर्षांची, बी.ए., बी.एड., आणि पुरण शिजलं की नाही ते बोटानं ओळखता न येणारी.

प्रताप नगर तेव्हा नुसतं आखलेलं होतं. चार घरं, मग गवत, मग दोन घरं, मग पुन्हा गवत. घरांना नंबर नव्हते. पोस्टमन बिचारा सायकल हातात धरून चिखलातून किती फिरणार? तो सगळ्यांची पत्रं आमच्याकडेच टाकायचा. "मास्तरीणबाई, वाटून द्याल," म्हणायचा. आमच्या मागच्या घरात एका खोलीत चंद्रकलाबाई राहायच्या. बत्तीस-तेहतीस वर्षांच्या असतील. गांधीबागेतल्या दुकानांतून साड्या आणायच्या, फॉल लावून परत पोचवायच्या. त्यांची मोजकी पत्रं माझ्याच हातून जायची. वर्षाला तीन किंवा चार, सगळी उमरेडहून, भावाची.

त्यांच्या नवऱ्याचं नाव नामदेव. "भिलाईले काम पाहून येतो," म्हणून तो लग्नानंतर दीड वर्षानं गेला होता, तो गेलाच. एक पत्र आलं, मग काही नाही. त्याचा एक चुलतभाऊ तिकडे होता, त्याला चंद्रकलाबाईंनी आमचा पत्ता कळवून ठेवला होता, मास्तरीणबाईंच्या मार्फत. तेव्हा अकरा वर्षं होऊन बारावं लागलं होतं. कपाळावर त्यांचं कुंकू असायचं, रुपयाएवढं, आणि गळ्यात काळी पोत. सकाळी नळावर भेटल्या की त्या कधी विचारायच्या नाहीत, "काही आलं काय?" फक्त माझ्या हाताकडे पाहायच्या. हात रिकामा असला की बादली उचलायच्या.

आमच्या घरात पाच सवाष्णी जेवू घालायची रीत. आठ दिवस आधी मी स्वतः घरोघरी जाऊन आवतन दिलं होतं, म्हणजे जेवायला बोलावलं होतं. जेवणाच्या दिवशी सकाळी पाचवीच्या घरून निरोप आला की तिच्या दिराकडे कुणी वारलं, सुतक पडलं. आता दुपारपर्यंत पाचवी आणायची कुठून? सासूबाई प्लास्टरचा हात घेऊन हळहळायला लागल्या. मी चपला घातल्या आणि मागच्या दारानं चंद्रकलाबाईंकडे गेले. "आज आमच्याकडे सवाष्ण म्हणून जेवायला यायचं," म्हटलं.

त्या साडीवरून मान वर करून बघतच राहिल्या. "मी?"

"हो, तुम्ही."

"दहा वर्सात कोनं बलावलं नाई वं बाई," त्या म्हणाल्या. "हळदीकुंकवाले बलावते लोक, पाटावर नाई बसवत." मग घाईघाईनं उठून पेटी उघडली आणि आतलं लुगडं काढून नाकाला लावून पाहिलं, डांबरगोळीचा वास येतो का म्हणून.

परत येताना मी अगदी हवेत होते. आपण काहीतरी मोठं केलं असं मला वाटत होतं. सोमवारी शाळेत हे कसं सांगायचं, तेसुद्धा मी मनात जुळवून टाकलं.

स्वयंपाकघरात आत्याबाई वडे तळत होत्या. त्यांनी विचारलं, "कोन भेटली वं पाचवी?" मी सांगितलं. त्यांचा झारा थांबला.

"तिचा नवरा तं निघून गेला म्हनते ना? तिचं कसं चालन वं? किती वर्सं झाले?"

"अकरा."

"म्हंजे बारावं चालू हाय. बारा वर्सं खबर नसली तं पळसाच्या पानाचा पुतळा करून जाळते त्याचा. तिनं केलं नाई काय?"

"नाही."

"मंग तो जिता हाय का मेला, हे कोनाले ठाऊक? महालक्ष्मीच्या पानावर असी बाई बसवाची? माह्या मायच्या वख्तापासून असं झालं नाई."

आत्याबाई वाईट नव्हत्या. एवढं बोलून त्या माझ्याकडे बघत होत्या, मी काय म्हणते ते ऐकायला. सासूबाई पलीकडून बघत होत्या. मला फक्त म्हणायचं होतं, आत्याबाई, खबर काही नाही, आणि तरी त्या बसणार आहेत. एवढंच. शिक्षिकांच्या खोलीत हे वाक्य मी पन्नासदा म्हटलं असेन. पण धूर डोळ्यांत जात होता, पुरण खाली लागत होतं, आणि मला वाद नको होता. मी पोळी लाटता लाटता, मान वर न करता म्हटलं, "खबर आहे. पत्र आलं त्यांचं."

"आलं? हात्तेच्या! मंग असं सांग ना वं." आणि झारा पुन्हा चालू झाला.

इतकं सोपं होतं ते. मला तर वाटलं मी जिंकले. जुन्या माणसाला न दुखवता त्या बाईला पाटावर बसवलं, आणखी काय पाहिजे? त्या क्षणी माझ्या मनात पश्चात्तापाचा कणसुद्धा नव्हता. हे लिहायला आज हात जड होतो, पण नव्हता.

दुपारी पाच पाट मांडले. आत्याबाईंनी पाय धुतले, हळदकुंकू लावलं, ओट्या भरल्या. चंद्रकलाबाई शेवटच्या पाटावर अंग चोरून बसल्या होत्या. हिरवं लुगडं, केसांत शेवंती. "नाव घ्या वं सगळ्याजनी," आत्याबाई म्हणाल्या. चौघींनी यमक जुळवून उखाणे घेतले. चंद्रकलाबाईंची पाळी आली तेव्हा त्यांना काही सुचेना. त्यांनी नुसतंच म्हटलं, "नामदेवराव." आणि इतक्या लाजल्या की बाकीच्या हसायला लागल्या.

आत्याबाईंना ते फार आवडलं. त्या वाकून, अगदी प्रेमानं म्हणाल्या, "लाजते काहून? आता तं पत्र आलं म्हने मालकाचं! महालक्ष्मीच पावली तुले."

चंद्रकलाबाईंचा हात भातात होता. तो तसाच राहिला. त्यांनी आत्याबाईंकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. पत्रं माझ्याकडे येत होती ना.

"आलं?" त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे आलं काय वं बाई? कवा आलं?"

त्यांचा चेहरा मी सांगू शकत नाही. पाटावरून त्या अर्ध्या उठल्या होत्या. आत्याबाई ओरडल्या, "अवं बस, बस! सवाष्णीनं पानावरून उठू नाई!" सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. अजूनही वेळ होती. मी म्हटलं, "आधी जेवून घ्या. मग सांगते."

त्या बसल्या आणि जेवल्या. सोळा भाज्यांतली एकही टाकली नाही, आंबील दोनदा मागून घेतली, पुरणपोळीवर मी तूप वाढलं तर म्हणाल्या, "वाढा अजून." एरवी चिमणीएवढं खाणारी बाई. जेवताना त्यांचं लक्ष सगळं माझ्या हाताकडे होतं, आणि माझ्या हातात तुपाची वाटी होती.

मागच्या पायरीवर त्या थांबल्या होत्या. मी गेले ती खरं सांगायचं ठरवूनच गेले होते, यावर कुणी विश्वास ठेवो न ठेवो. पण त्यांनी हात पुढे केला, पत्रासाठी. पुढे आलेल्या हातावर काहीतरी ठेवावंच लागतं असं मला वाटलं. मी म्हटलं, "पत्र नाही, निरोप आहे. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील भिलाईला होते. त्यांनी पाहिलं म्हणे." पहिलं खोटं तरी कुणाच्या भल्यासाठी होतं असं म्हणता येईल. हे दुसरं निव्वळ माझी कातडी वाचवण्यासाठी होतं.

"कसा हाय म्हनते?"

"बरे आहेत म्हणे."

"वाळला असन," त्या म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी त्या कार्ड घेऊन आल्या. त्यांना वाचता येत होतं, पण लिहायची सवय नव्हती. भावाला लिहायचं होतं. तेव्हा मला कळलं की पितृपक्षात भाऊ उमरेडहून यायचा होता. त्यांनीच त्याला बोलावलं होतं. पळसाच्या पानांचा तो विधी करून टाकायचा, खोली सोडायची आणि भावाच्या गावी एका मुलींच्या वसतिगृहात शिवण शिकवायला जायचं, असं सगळं ठरलं होतं. तिथे राहायला जागा होती. अकरा वर्षं त्या खोलीत त्या बसल्या होत्या त्या एवढ्याचसाठी, की तो परत आला तर त्याला पत्ता सापडावा. कंटाळून, रडून, मन घट्ट करून शेवटी त्यांनी ठरवलं होतं. मला हे काही माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. मी त्यांना सवाष्ण ठरवण्यात गुंतले होते, आणि त्या स्वतःच ते ओझं उतरवायला निघाल्या होत्या.

"लिहा," त्या म्हणाल्या. "पितरात येऊ नको म्हनाव. खबर लागली. वसतिगृहवाल्या बाईले नाई म्हनून सांग." मग हसून म्हणाल्या, "बरं झालं वं बाई. नाई तं मी जित्या मानसाले जाळलं असतं या हातानं."

आणि मी लिहिलं. माझं अक्षर शाळेत नावाजलेलं होतं. त्या वळणदार अक्षरात मी लिहिलं, खबर लागली आहे, येऊ नये. खाली त्यांनी अंगठ्याएवढ्या अक्षरांत सही केली. कार्ड मीच पर्समध्ये टाकलं. शाळेच्या वाटेवर लाल पेटी लागायची. तिच्यापुढे मी थांबले, इतका वेळ थांबले की मागून येणारी मुलगी म्हणाली, "बाई, घंटा झाली." मी कार्ड आत सोडलं.

पुढचं आधीच सांगून टाकते. वसतिगृहातली जागा दुसऱ्या बाईला मिळाली. भाऊ रागावला, आधी बोलावते, मग नको म्हणते, म्हणून. चंद्रकलाबाई त्या खोलीत आणखी सात वर्षं राहिल्या. नामदेवाची खबर कधी आली नाही. मग डोळे कमजोर झाले, सुईत दोरा जाईना, तेव्हा त्या उमरेडला गेल्या. गेल्या तेव्हा कपाळावर कुंकू होतं. पुढे त्यांचं काय झालं, हे विचारायला मी एकदाही उमरेडला गेले नाही. नागपूरहून उमरेड आहेच किती लांब? पण गेले नाही.

मी त्यांना खरं सांगितलं ते सर्वपित्री अमावास्येच्या दुपारी, म्हणजे भाऊ येण्याचे दिवस टळून गेल्यावर. त्या आधीचे तीन आठवडे त्या रोज संध्याकाळी दारात यायच्या. "त्या पोरीच्या बापाले पुन्हा भेटल्या काय?" रोज मी काहीतरी सांगायची. रजेवर आहेत, बदली झाली, मुलगी आजारी आहे. मुळात नसलेली ती मुलगी मी इतक्यांदा आजारी पाडली की एके दिवशी चंद्रकलाबाईंनी तिच्यासाठी संत्री आणून दिली. ती संत्री माझ्या टेबलावर बघून माझ्याच्यानं पुढे खोटं बोलवेना.

त्या खाली सतरंजीवर बसून एका जांभळ्या साडीला फॉल लावत होत्या. मी उंबऱ्यातच बसले आणि सगळं सांगितलं. पत्र नव्हतं. निरोप नव्हता. मुलगी नाही, तिचे वडील नाहीत. आत्याबाई विचारत होत्या म्हणून बोलून गेले. त्यांची सुई थांबली नाही. मी वाट बघत होते की त्या ओरडतील, निदान रडतील. खरं म्हणजे मी शिव्या खायलाच गेले होते. शिव्या मिळाल्या असत्या तर मी मोकळी होऊन घरी आले असते.

टाका संपला तेव्हा त्यांनी दोरा दातानं तोडला.

"मी जाची तयारी केलती वं बाई," त्या म्हणाल्या. आवाज अगदी शांत होता. "तुमाले सांगाले पाह्यजे होतं."

"माझं चुकलं," मी म्हटलं.

"नाई, पन मले एक सांगा. आत्याबाईले म्हटलं असतं का खबर नाई, तं उठवलं असतं काय मले पाटावरून?"

"नाही. मी उठवू दिलं नसतं."

"मंग म्हटलं काहून नाई?"

भर दुपारची वेळ होती, गवतात किडे किरकिरत होते. त्यांनी साडीची घडी घातली, मांडीवर ठेवली, वरून हात फिरवला. मग पहिल्यांदा मान वर करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत. त्यांना खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं.

"मंग त्या दिवसी तुमच्या घरी," त्या म्हणाल्या, "मी कोन म्हून जेवली?"